पंधरांपैकी चार

आमच्या शेताला बांध आहे आणि बांधाला उघाडी आहे. पेणच्या खाडीकडच्या अंगाला, जिथे भाताची खाचरं आणि मिठागरं एकमेकांना खेटून पसरली आहेत, तिथे आमचं गाव. पावसाचं गोडं पाणी शेतातून बाहेर जावं, पण भरतीचं खारं पाणी आत येऊ नये, म्हणून बांधात जी वाट ठेवतात ती उघाडी. तिच्या तोंडाशी वरून टांगलेली लाकडी झडप असते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. माणसाने हात लावायचा नाही. माझा मोठा भाऊ, दादा, लहानपणी उघाडीकडे पाठ करून बसायचा आणि झडप चौकटीवर आपटली की मला म्हणायचा, "पडली." त्याचं कधी चुकलं नाही. मला तो आवाज दहांतून पाच वेळा ऐकू यायचा, कारण माझं डोकं पुस्तकात असायचं.

पुढे ज्या गणिताने माझं नाव झालं, म्हणजे पेणच्या कॉलेजात आणि आसपासच्या दोन-तीन कॉलेजांत झालं तेवढंच, ते गणित या झडपेतच होतं. झडप उघडी असते तेव्हा तिच्यावर दाब नसतो, आणि दाब असतो तेव्हा फट नसते. दोहोंपैकी एक गोष्ट शून्य असलीच पाहिजे. आता एका बांधाला अशा चार उघाड्या असल्या आणि एकीतून सुटलेलं पाणी दुसरीवरचा दाब बदलत असलं, तर अमुक एका भरतीला कुठल्या उघड्या राहतील आणि कुठल्या बंद? उत्तर एकच येईल, की दोन येतील, की येणारच नाही? कुठली झडप कुठलीवर किती परिणाम करते याचे आकडे चौकोनात मांडले की मॅट्रिक्स तयार होते. ती 'पी' जातीची असेल तर उत्तर नेहमी असतं आणि एकच असतं. एकावर एक टेकलेल्या दगडांचंही असंच गणित आहे: दोन दगड टेकलेले असतील तर त्यांच्यात जोर असतो, सुटलेले असतील तर फट. भौतिकशास्त्रवाले तिथे हीच जात शोधतात.

मॅट्रिक्स पी जातीची आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आणि कंटाळवाणी आहे. चार ओळी आणि चार स्तंभ असतील तर त्यांतले कुणीही निवडा, एक, दोन, तीन किंवा चारही. न निवडलेल्यांची ओळ आणि स्तंभ खोडा. उरलेल्या लहान चौकोनाचा निश्चयक काढा. तो धन यायला हवा. अशा निवडी पंधरा होतात आणि पंधराच्या पंधरा धन आल्या पाहिजेत. चौदा आल्या आणि एक ऋण आली तर ती पी नव्हे. एम.फिल.च्या प्रबंधात मी हे तीन प्रकारांनी सिद्ध केलं होतं. वाचून कंटाळा आला असेल तर माझी हरकत नाही, माझ्या वर्गालाही यायचा. पण पंधरा हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

दादा सातवीनंतर शाळेत गेला नाही. मी गेलो. आमच्या घरात त्याबद्दल कधी कुणी चर्चा केली नाही, जणू ते आधीच ठरलेलं होतं. तो रोह्याला धाटावकडच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि कंप्रेसर हाउसचा ऑपरेटर झाला. वहिनीला घेऊन कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात दोन खोल्यांत राहायचा आणि शिफ्टला सायकलने पूल ओलांडून जायचा. कंप्रेसर हाउसमध्ये तीन कंप्रेसर अहोरात्र चालत. त्यांच्या मधोमध काचेची कॅबिन होती. तिच्यात बसून काटे बघायचे, नोंदी करायच्या आणि कान देऊन राहायचं. कान देणं हेच खरं काम. काटा हलायच्या आधी यंत्राचा सूर बदलतो, असं दादा सांगायचा, आणि त्याच्या या सांगण्यावर साहेबांचा काट्यापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या कानांचं व्हायचं ते झालं. पंधरा वर्षांत उजवा कान पार गेला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डाव्याचाही आलेख उतरू लागला. कापसाचे बोळे, कानात घालायचे रबरी बूच, सगळं झालं. पण बूच घातलं की यंत्राचा सूर ऐकू येत नाही, म्हणून तो ते काढून ठेवायचा. मी अष्टमीला गेलो की टीव्ही शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतका मोठा लावलेला असायचा आणि वहिनी भांडी घासताना ओरडून बोलायची. एकदा दादा मला म्हणाला, "बाला, डावाबी गेला ना, तर मी पानी चढलेला कसा आयकू?" त्याला कंपनीची काळजी नव्हती. निवृत्त होऊन बांधावर परत जायचं, उघाडी सांभाळायची, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या वेडाने झपाटलेले. आवाजावर उलटा आवाज सोडून तो मारता येतो, हे त्यांनी मला स्टाफरूममध्ये चहाच्या दोन कपांवर दाखवलं आणि मला दादाची कॅबिन आठवली. सगळा कंप्रेसर हाउस शांत करणं अशक्य, पण काचेच्या कॅबिनपुरती ती खोल घरघर कमी झाली तर कान वाचेल, आणि सुराचा जो बारीक भाग ऐकून यंत्र ओळखतात तो तसाच राहील. दादाने मेंटेनन्सच्या साहेबांकडे शब्द टाकला. आपला भाऊ गणितातला मोठा माणूस आहे असं त्याने सांगितलं असावं, कारण साहेब माझ्याशी जरा जास्तच अदबीने बोलले. कॅबिनमध्ये प्रयोग करायची परवानगी मिळाली.

कॅबिनच्या चार कोपऱ्यांत चार माईक आणि चार स्पीकर बसले. प्रत्येक जोडीचा कारभार स्वतंत्र: माईकने ऐकायचं, आणि आपल्या माईकला शांत वाटेपर्यंत स्पीकरने आपला उलटा आवाज हळूहळू वाढवत किंवा कमी करत राहायचं. पण पहिल्या स्पीकरचा आवाज दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या माईकलाही जातो. म्हणजे सोळा आकडे. चार उघाड्यांचा बांधच तो. हे चौघे एकमेकांच्या पायात पाय न घालता स्थिर राहतील का, आणि त्यांतला एखादा बंद केला तर उरलेले पिसाळणार नाहीत ना, या प्रश्नापाशी माझी मॅट्रिक्स उभी होती. ती पी नसेल, म्हणजे कुठल्या एका निवडीचा निश्चयक ऋण असेल, तर नेमके तेवढेच स्पीकर चालू राहिले की आवाज मारायच्या ऐवजी वाढवत सुटतात. आयुष्यभर कागदावर घोटलेलं गणित माझ्या सख्ख्या भावाच्या कामाला येत होतं. त्या दिवसांत मी हवेत होतो, हे कबूल करायला हवं.

आम्ही सोळा आकडे मोजले. मी ते कॅबिनमध्येच वहीत उतरवून निश्चयक काढायला बसलो. पहिला एकटा: धन. पहिला आणि दुसरा: धन. पहिला, दुसरा, तिसरा: धन. चारही: धन. इथे मी पेन बंद केलं.

का बंद केलं? गणिताच्या माणसाला याचं उत्तर एका ओळीत देता येईल. मॅट्रिक्स सममित असेल, म्हणजे दुसऱ्याचा तिसऱ्यावर जितका परिणाम तितकाच तिसऱ्याचा दुसऱ्यावर असेल, तर कोपऱ्यातून सुरू होणारे हे चार निश्चयक पुरतात, बाकीचे अकरा आपोआप धन येतात. ध्वनीच्या पुस्तकात लिहिलंय की आवाज जायला आणि यायला वाट सारखीच असते. आमचे आकडे सारखे नव्हते. तिसरा स्पीकर वेगळ्या बनावटीचा होता, सरांनी तो कॉलेजच्या सभागृहातून काढून आणला होता. आकड्यांतला फरक मी पाहिला आणि मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिला. हीच चूक करणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे गुण मी दर वर्षी कापत होतो, आणि वर टोमणा मारायचो तो वेगळाच. पण त्या दिवशी साहेब काचेबाहेर घड्याळ बघत उभे होते, पेणची एस.टी. सुटायची होती, आणि चारही उत्तरं धन आल्यावर माणसाला बरं वाटतं. सरांनी चाचणी घेतली तीही शेवटाकडून: चौथा बंद करून पाहिला, मग तिसरा-चौथा. सगळं शांत. पहिल्याला कुणी हात लावला नाही.

साहेब आत आले. म्हणाले, "सर, उद्या यातला एखादा बिघडला, काढावा लागला, तर बाकीचे चालू ठेवायचे की नाही?"

मी म्हणालो, "कुठलाही बंद करा. काही होणार नाही."

"मग तेवढं लिहून द्या. ऑपरेटर तीन शिफ्टचे आहेत, प्रत्येकाला कुठे सांगत बसणार?"

मी वहीचा कागद फाडला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'चारपैकी कोणताही बंद केला तरी चालेल. धोका नाही.' खाली झोकात सही केली. दादाने तो कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून पॅनेलवर डकवला आणि तळहाताने दाबून सपाट केला. जोडीदाराला म्हणाला, "माज्या भावाचा अक्षर हाय."

पुढचे तीन महिने बरे गेले. कॅबिनमधली घरघर निम्म्यावर आली. दादा शिफ्टवरून घरी आला की डोकं दुखतं म्हणायचा थांबला. वहिनीने मला मुद्दाम सांगितलं, "भावजी, टीव्ही कमी केलाय बगा." मी त्यावर एक निबंध लिहायला घेतला होता. त्याचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. पण कंप्रेसर थांबवता येत नाहीत, प्लांट अखंड चालतो. म्हणून दर वर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेलं एखादं बंद यंत्र धुऊन-पुसून त्याला हळदकुंकू वाहायचे. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत. वर्षभर राबलं, निदान पूजेपुरता त्याला विसावा द्यायचा, असा तिथला रिवाज. त्या वर्षी दादाने ठरवलं की मान कॅबिनमधल्या नव्या पाहुण्याला द्यायचा. त्याच्या भावाच्या, म्हणजे माझ्या, कामाला. आणि मान म्हणजे पहिल्याला. त्याने पॅनेलवरचा कागद बघितला, आणि पहिला स्पीकर बंद केला.

पुढचं मला त्याच्या जोडीदाराने सांगितलं. "दादा कुकू लावत व्हता. आदी बारीक घुमला, आमाला वाटला कंप्रेसर. मंग कॅबिनीच्या काचा थरथराय लागल्या. मंग असा आवाज झाला ना, सर, की इचारू नका. आमी तिघं भायेर पलालो. दादा नाय आला. आमी काचेतून हात करतोय, ये, ये. तो आपला बटनं शोधतोय." मेन स्विच दुसऱ्या स्पीकरच्या मागे होता. तो बंद करण्यासाठी दादा वाकला तेव्हा त्याचा डावा कान स्पीकरच्या तोंडाशी होता.

पेणला शेजाऱ्यांकडे फोन आला. निरोप इतकाच: कॅबिनमधलं मशीन ओरडलं, भावाच्या कानाला लागलंय, लगेच या. मी एस.टी.त बसलो आणि पिशवीतून ती वही काढली. भावाला काय झालं असेल या विचाराने काढली असं म्हणायला मला आवडलं असतं. मी उरलेले अकरा निश्चयक काढायला घेतले. वडखळ गेलं, गडब गेलं, रस्त्याच्या धक्क्यांनी अक्षर वाकडं येत होतं, आणि नागोठण्याच्या अलीकडे दुसरा-तिसरा-चौथा या निवडीचा निश्चयक आला. ऋण. पुन्हा केला. पुन्हा ऋण. पहिला बंद करून बाकी तिघे चालू ठेवले तर नेमकं हेच होणार होतं, आणि ते सोळा आकडे तीन महिने माझ्या पिशवीत होते.

नागोठण्यापासून रोह्यापर्यंत मी काय विचार करत होतो तेही लिहितो, कारण न लिहिता हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. मी त्या कागदाचा विचार करत होतो. त्याच्यावर माझी सही होती. चौकशी होईल, साहेब कागद काढतील, कॉलेजला कळेल, विद्यापीठात कळेल. पी-मॅट्रिक्सवाल्याने चारच तपासले म्हणून लोक हसतील. गेटवर वॉचमन म्हणाला, "तुमचे भाऊ डॉक्टरकडून आलेत, फर्स्ट-एडच्या खोलीबाहेर बसलेत." मी हो म्हणालो आणि कंप्रेसर हाउसकडे वळलो.

कॅबिनमध्ये कुणी नव्हतं. जमिनीवर झेंडूची फुलं चेंगरलेली, पहिल्या स्पीकरवर ओलं कुंकू. मी सरळ पॅनेलपाशी गेलो. कागद नव्हता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे तेवढे उरले होते आणि एका तुकड्याखाली कागदाचा नखाएवढा त्रिकोण. कुणी आधीच नेला, साहेबांनीच नेला असणार, असं मला वाटलं. तो त्रिकोणसुद्धा मी नखाने खरवडून काढला आणि खिशात घातला. मग मी भावाकडे गेलो.

दादा बाकड्यावर बसला होता. दोन्ही कानांत कापूस, सदऱ्यावर हळद. मला बघून तो हसला आणि फार मोठ्याने म्हणाला, "आलास?" मी बोलत राहिलो आणि तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. पुढे मुंबईला नेलं, औषधं झाली, दोनदा भरती करून झालं. डावा कान परत आला नाही.

चौकशी झाली ती कुठल्याच कागदाशिवाय. साहेबांनी विचारलं, प्रश्न पाटीवर लिहून दाखवले. दादाने उत्तर दिलं, "मना कुनी सांगितला नव्हता. मी मनानं बटन दाबला. माजी चूक." लेखी सूचना कुठे आहे, असं साहेबांनी एकदा विचारलं. जोडीदार म्हणाला, पडली असेल कुठेतरी, झाडताना गेली असेल. अहवालात लिहिलं गेलं: ऑपरेटरची चूक. मी त्या खोलीत होतो. माझ्याकडेही बघितलं गेलं. तोंड उघडायला मला तेवढा वेळ मिळाला होता, आणि मी उघडलं नाही.

बहिऱ्या ऑपरेटरचं कंप्रेसर हाउसमध्ये काय काम? त्याला स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला बसवलं. दोन वर्षं त्याने ते केलं आणि मग नोकरी सोडून तो गावी परतला. माझा तो निबंध मी पूर्ण केला नाही, पण बाकी काही अडलं नाही. मी विभागप्रमुख झालो. वर्गात पी-मॅट्रिक्स शिकवताना पंधराच्या पंधरा तपासा असं मी इतक्या तिरसटपणे सांगायचो की मुलं मागे नक्कल करत. पुस्तकातलं सममित उदाहरण फळ्यावर मांडायचं मी सोडून दिलं.

गावी घराच्या खुंटीला एक पाटी टांगलेली असायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओरडून बोलू लागलो, तर वहिनी म्हणाली, "भावजी, वरडू नका. तुमी वरडताव एवढाच त्यांना दिसतो, शब्द नाय कलत. पाटीवर लिवा." मग मी लिहू लागलो. जेवलास का. भात कसा आहे. पाऊस बरा झाला. अनेक वर्षं त्या पाटीवर मी एवढंच लिहीत आलो. प्रत्येक वेळी जाताना ठरवून जायचो की आज लिहायचं, आणि प्रत्येक वेळी पावसाबद्दल लिहून यायचो. पाटीवर लिहायचं सोपं असतं असं वाटतं, पण खडू धरून बसलं की माणूस आपलंच अक्षर बघत बसतो.

लिहिलं ते मी निवृत्त झालो त्या वर्षी. दुपारची वेळ, भरती नुकती लागलेली. दादा उघाडीवर बसला होता. ऐकू येईनासं झाल्यापासून तो झडपेच्या चौकटीवर तळहात टेकवून बसायचा; झडप आपटली की लाकडातून हाताला कळतं. खाली पलीकडे मिठागरात दोन माणसं मिठाची रास ओढत होती. मी त्याच्या शेजारी बसलो, पाटी गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं: 'दादा, चूक तुझी नव्हती. पंधरा तपासायचे होते. मी चार तपासले. कागदावर लिहिलं ते खोटं होतं.'

त्याने पाटी घेतली. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. मग खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं, पाटी धुतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं. "कागद मीच फाडला. बटन बंद केला आन् आदी कागद फाडला. साहेब यायच्या आत. घरी येऊन चुलीत घातला."

मी काही लिहायच्या आत तो पुढे बोलला. आवाजात राग नव्हता. भात किती झाला हे सांगावं तसं सांगत होता, फक्त मोठ्याने, आणि मिठागरातल्या दोघांनी माना वर करून आमच्याकडे बघितलं.

"मी बाकड्यावर बसलो व्हतो. तिथून कंप्रेसरचा दार दिसतो. तू गेटातून आलास. मना वाटला, आता माज्याकडं येशील." चौकटीवर पुन्हा हात टेकवून तो पाण्याकडे बघत होता. "तू आदी कॅबिनीत गेलास."

खडू माझ्या हातात होता. मी पाटीवर टेकवला आणि एक रेघ ओढली गेली. पाणी चढत होतं. झडप चौकटीवर आपटली, मला स्पष्ट ऐकू आली. दादाने चौकटीवरचा हात काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडली."